दुसऱ्याच्या गाडीचे टायर

उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात हे माझ्या दादाकडून शिकावं. तो राहतो विमानाने दोन तासांच्या अंतरावर आणि तिथून फोनवर आमचं घर चालवतो. बाबांनी सकाळी किती चालावं, गॅलरीतल्या कुंड्या कुठे सरकवाव्यात, मी पगारवाढ कशी मागावी, सगळं त्याला तिथून स्वच्छ दिसतं. एका मंगळवारी त्याने मला ऐन कामाच्या वेळी फोन केला आणि म्हणाला, "गाडी विकली मी."

"कुणाची?"

"बाबांची. आणखी कुणाची? एक दाताचे डॉक्टर आहेत, तुमच्या तिथलेच. सौदा पक्का झालाय. फक्त त्यांची एक अट आहे. टायर संपलेत, तर चारही नवीन टाकून द्या म्हणतात."

गाडी बाबांच्या पैशाची आणि बाबांच्या पसंतीची, पण कागदोपत्री दादाच्या नावावर. घेताना विम्याची काहीतरी सवलत मिळत होती म्हणून तसं केलं होतं. त्यामुळे बाबांना न विचारता ती विकायला त्याला काहीच आडकाठी नव्हती.

"बाबांना सांगितलंस?" मी विचारलं.

"वेड लागलंय का? ते गाडीत जाऊन बसतील आणि आतून दारं लावून घेतील. त्यांना काही कळता कामा नये. उलट त्यांनाच घेऊन जा दुकानात. टायर त्यांच्याइतके कुणाला कळतात? मी त्या डॉक्टरांना सांगूनच ठेवलंय, टायर खुद्द चाचणी-चालकाने निवडलेले असतील म्हणून. बाबांनाही बरं वाटेल गं. जरा बाहेर पडतील."

म्हणजे बापाच्याच हातून त्याची गाडी सजवून घ्यायची आणि सजवून झाली की दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करायची. हे मी दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीचं नाटक करायची सवयच आहे." मग गाडी गेल्यावर बाबांना काय सांगायचं, हेही त्याचं ठरलेलं होतं. आधी गॅरेजला आहे म्हणायचं, मग इंजिनाचं मोठं काम निघालं म्हणायचं, आणि मग हळूहळू ते विसरतील. हे सगळं म्हणायचं मी, कारण बाबांसोबत राहते मी.

बाबा विसरणाऱ्यातले नव्हते. बत्तीस वर्षं ते एका टायरच्या कारखान्यात चाचणी-चालक होते. कारखान्याच्या मागे एक गोल रस्ता होता. त्यावर पाणी सोडायचे आणि बाबा नव्या टायरची गाडी त्यावरून सोडून ब्रेक मारायचे, दिवसातून साठ-साठ वेळा. मग वहीत लिहायचे. कुठला टायर लवकर सुटतो, कुठला नुसताच ओरडतो, कुठला वळणावर मन राखतो आणि कुठला ऐन वेळी दगा देतो. इंजिनियर मंडळी त्यांच्या वहीतले हे शब्द वाचून हसायची आणि मग गपचूप टायर बदलायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. बाहेरून राखाडी, सरकारी कारकुनासारखी दिसणारी, पण ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटायची. आई असती तर म्हणाली असती, या वयात हे काय थेर. आई नव्हती, म्हणून ते मी म्हणाले होते आणि बाबा खूश होऊन हसले होते.

गेल्या वर्षी त्यांनी इमारतीच्या फाटकाचा डावा खांब दोनदा खरवडला. तिसऱ्यांदा खांबाच्या जागी सायकलवरची एक बाई होती. ती वाचली, सायकलचं चाक वाकलं. "ही आली कुठून?" बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते. ती डावीकडून आली होती, भर दुपारी, सरळ रस्त्याने, पिवळाधमक कोट घालून.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. माझ्याकडे जे यंत्र आहे ते मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं दिसतं. माणसाने हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. जे दिवे दिसत नाहीत त्या जागा छापील नकाशावर काळ्या येतात. बाबांना मीच त्या यंत्रासमोर बसवलं. दोन्ही डोळ्यांचे नकाशे आले तेव्हा मधे नाण्याएवढं पांढरं उरलं होतं आणि भोवती सगळा काळोख होता. काचबिंदू. त्यात मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. माणूस बारीक अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि शेजारून आलेला हत्ती त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही, हे मी आठवड्यातून दहा जणांना तरी सांगते.

बाबा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "सगळे दिवे दिसले बघ. एकही सोडला नाही." जो दिवा दिसलाच नाही तो सुटला हे माणसाला कळणार कसं?

डॉक्टरबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "सध्या गाडी बंद." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाकीचं तूच सांग, तुझे वडील आहेत." मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की सगळ्यांना मीच आठवते. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "किती दिवस बंद?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा महिने थेंब घालू, मग परत टेस्ट करू, मग ठरवू." रोज परक्यांना सांगते ते घरच्या माणसाला सांगणं जड गेलं. बाबा म्हणाले, "मास्तरीण म्हणते ना, मग झालं." आणि त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांचं हे बोलणं नीट समजून घ्यायला हवं. बाबा कुणाच्याही शब्दावर जाणाऱ्यातले नाहीत. दुकानातून आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा तोलतात. बातमी दोन वर्तमानपत्रांत आल्याशिवाय त्यांच्या लेखी ती घडत नाही. दादाचं बोलणं तर ते निम्म्याने भागून मगच ऐकतात, कारण दादा घरं विकतो आणि मुळात बोलायला लागला तेव्हापासून विकतोच आहे. पण मी सांगितलेलं ते पडताळत नाहीत. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी न बघता सही केली आहे. मला मास्तरीण म्हणतात ते मी चुका काढते म्हणून, आणि माझी चूक होत नाही असं त्यांनी धरूनच टाकलंय म्हणूनही. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. गाडी जायलाच हवी होती, त्याचं मला दुःख नव्हतं. भीती होती ती हा विश्वास जाण्याची. माझ्यापाशी बापाचं असं एवढंच होतं आणि तेच मी पणाला लावायला निघाले होते.

तरी निघाले. नाही म्हटलं असतं तर बाबांना खरं सांगावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा दादाचं ऐकणं सोपं होतं.

शनिवारी सकाळी गाडी मी चालवली. बाबा शेजारी बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात छोटी बॅटरी आणि भिंग. "टायर बदलायचे" एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. का, आत्ताच का, गाडी बंद असताना का, असलं त्यांनी काही विचारलं नाही. रस्त्यात म्हणाले, "तू ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस. गाडीला वाटतं, हिचा आपल्यावर भरवसाच नाही."

दुकान मोठं होतं. दारात शिरल्याबरोबर नव्या रबराचा वास आला आणि बाबांची मान ताठ झाली. भिंतीला छतापर्यंत मांडण्या, त्यांत उभे टायर. मधे गाडी वर उचलायचे दोन जॅक आणि टायर बसवणारा एक फिटर. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. बाबा दोन पावलं चालले आणि डावीकडे रचलेल्या टायरांच्या चवडीवर आदळले. मी हात धरायला धावले. त्यांनी हात झटकला आणि चवडीवरच्या टायरला म्हणाले, "माफ करा हं."

दुकानदाराने सगळ्यात महागडा टायर पुढे केला. "ताशी तीनशेपर्यंत दणदणीत चालतो, आजोबा."

"तीनशेने जाऊन मी पोचू कुठे?" बाबा म्हणाले. "माझ्या वयाची माणसं त्या वेगाने एकाच ठिकाणी जातात."

दुकानदार हसला, फिटरही हसला, आणि पुढचा पाऊण तास दुकान बाबांचं झालं. त्यांनी टायर जमिनीवर उभे करून तळहाताने लोटले, सरळ जातात का बघितलं. नखाने रबर दाबलं. वास घेतला. टायरच्या कडेवरची अक्षरं भिंगातून वाचली. फिटरला जवळ बोलावून त्यांनी चार आकड्यांचा शिक्का दाखवला. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ही याची जन्मतारीख. गिऱ्हाईक नक्षी बघतं, जन्मतारीख कुणी बघत नाही." दुकानदाराने काढलेल्या पहिल्या चारांपैकी तीन टायर गेल्या हिवाळ्यातले होते आणि चौथा त्यांच्याहून दोन वर्षांनी म्हातारा. "हा या तिघांचा थोरला भाऊ दिसतोय," बाबा म्हणाले. "थोरल्याला घरी बसवा. तुमच्या गोदामात या तिघांच्या वयाचा चौथा असेलच, तो आणा." दुकानदाराने मुकाट्याने आत माणूस पाठवला.

शेवटी दोन टायरांवर येऊन ठेपलं. एक मध्यम, पाणी बाहेर फेकायला रुंद चर असलेला, आवाज कमी, पाच-सहा वर्षं टिकणारा. दुसरा मऊ रबराचा, रस्त्याला गोचिडासारखा धरणारा, पण लवकर झिजणारा. दुकानदार मध्यमाच्या बाजूने होता. बाबांनी मऊ टायरवरून हात फिरवला.

"मला सहा वर्षं टिकणारा कशाला?" ते म्हणाले. "मी फार तर अजून वीस हजार किलोमीटर चालवीन. तेवढी तरी मजेत चालवतो." मग माझ्याकडे वळले. वळले म्हणजे मान पूर्ण फिरवून मला त्यांच्या नाण्यात आणलं. "मास्तरीण, दोन महिन्यांनी टेस्ट झाली की पहिल्यांदा धरणाच्या रस्त्याने जाऊ. एकवीस वळणं आहेत. तू नुसती शेजारी बस. टायर वळणावर मन राखतो म्हणजे काय करतो, ते तुला कळेल."

"जाऊ," मी म्हटलं. पहिलं खोटं बोलताना जीभ जड झाली होती. हे दुसरं सुळकन निघालं.

गाडी जॅकवर चढली. जुने टायर उतरले, नवे चढायला लागले. बाबा फिटरच्या मागे उभे राहून टायरवरचा बाण पुढच्या दिशेला आहे ना ते प्रत्येक चाकाला बघत होते. तेवढ्यात दादाचा फोन आला आणि मी बाहेर फुटपाथवर गेले.

"झालं का?"

"होतंय. दादा, मला हे जमत नाही. मी सांगून टाकते त्यांना."

"आता? सगळं झाल्यावर? जरा धीर धर. आणि ऐक, टायरच्या वॉरंटीचं कार्ड त्या डॉक्टरांच्या नावाने करायला सांगितलंय मी दुकानदाराला. गाडीचा नवा मालक म्हणून. ते तेवढं तू हळूच पर्समध्ये टाक."

"बाबांच्या हातात पडलं तर?"

"बारीक अक्षरात असतं ते. त्यांना कुठे दिसणार आहे?"

आणि मी, अकरा वर्षं या धंद्यात असलेली बाई, मनात म्हणाले, हो, खरंच, त्यांना कुठे दिसणार आहे. गेले चार महिने आम्ही सगळेच त्यांना आंधळं समजून वागत होतो. मी त्यांना पत्रं वाचून दाखवत होते, ताटातलं दाखवत होते, दोन पावलांवरची पायरी दाखवत होते. त्यांना दिसत नव्हतं ते शेजारचं. समोरची मुंगीसुद्धा त्यांना दिसत होती. थोड्या वेळापूर्वी हाच माणूस भिंगातून टायरची जन्मतारीख वाचत होता आणि मी ते कौतुकाने बघत उभी होते. तरी मी फोन बंद करून सावकाश आत गेले, वाटेत पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला.

बाबा पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसले होते. एका हातात वॉरंटीचं कार्ड, दुसऱ्या हाताचं बोट टायरवर. कार्डावरचा एकेक आकडा वाचायचा आणि टायरवरच्या आकड्याशी ताडून बघायचा, असं चाललं होतं. कारखान्यातली सवय. तिथे कागदावरचा टायर आणि गाडीवरचा टायर एकच आहे याची खात्री झाल्याशिवाय ते किल्लीला हात लावत नसत. चारही आकडे जुळले. मग त्यांनी कार्ड उलटं केलं आणि वरून, मालकाच्या नावापासून आणि दाताच्या दवाखान्याच्या पत्त्यापासून, वाचायला सुरुवात केली.

"मास्तरीण," ते म्हणाले, "हे दाताचे डॉक्टर कोण?"

इथे तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चुकून दुसऱ्या कुणाचं कार्ड आलं असेल, बाबा. द्या इकडे, बदलून आणते."

दुकानदाराच्या इभ्रतीला हे लागलं. "चूक कशी होईल, ताई? तुमच्या भावाचा स्वतः फोन होता. गाडीचे नवे मालक म्हणून हेच नाव घालायला सांगितलं त्यांनी. मी दोनदा विचारून घेतलं." मग त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काउंटरमागे जाऊन पेन शोधायला लागला.

बाबा उठले. मी हात दिला नाही, तेवढी अक्कल मला होती. गुडघ्याची धूळ झटकून ते म्हणाले, "दादाचं मी समजू शकतो. टेस्टचं काय ते सांग."

"बाबा, घरी जाऊन—"

"इथे सांग."

फिटर हातात पाना घेऊन उभा होता. मी सांगितलं. बाजूची नजर गेली आहे, ती परत येणार नाही, थेंब आहेत ते उरलेली राखायला. गाडी कधीच चालवता येणार नाही.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मी विचारलं त्याच्या आधी, की नंतर?"

"आधी. नकाशा छापून येत होता तेव्हाच."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं ते चिडतील, दादाला फोनवर सोलून काढतील, दुकानात तमाशा होईल. झाला असता तर फार बरं झालं असतं. त्यांनी दुकानदाराकडे त्या डॉक्टरांचा नंबर मागितला आणि आमच्यासमोर फोन लावला.

"नमस्कार. तुम्ही घेताय त्या गाडीचे टायर मी निवडतोय. तुम्ही गाडी कशी चालवता ते सांगा." पलीकडून बरंच बोलणं झालं. बाबा मधेमधे विचारत होते. रोज किती अंतर? सकाळी किती वाजता? मागे कोण बसतं? गावाबाहेर कधी जाता? मग म्हणाले, "अस्सं. दोन मुलं. ठीक आहे."

फोन ठेवून ते फिटरला म्हणाले, "हे उतरवा. ते मध्यम चढवा."

"आजोबा, चारही बसवून झालेत की हो," दुकानदार कळवळला.

"माझा त्रास आहे, माहीत आहे. पण तो माणूस रोज तीन किलोमीटर जातो. मुलांना शाळेत सोडतो आणि दवाखान्यात जाऊन बसतो. हे मऊ रबर गरम झालं तरच धरतं. तीन किलोमीटरात ते जागंसुद्धा होणार नाही. थंड सकाळी, ओल्या रस्त्यावर, मागे दोन पोरं. त्याला हे देणं म्हणजे फसवणूक आहे." फसवणूक हा शब्द त्यांनी बाकीच्या शब्दांसारखाच साध्या आवाजात उच्चारला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

सगळं पुन्हा झालं. टायर उतरले, दुसरे चढले, चाकांचा तोल साधला. बाबांनी पुन्हा जन्मतारखा बघितल्या, पुन्हा आकडे ताडले. तासभर ते खुर्चीवर सरळ बसून होते आणि मी चवडीपाशी उभी होते. मी एकदा म्हटलं, "बाबा, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"बत्तीस वर्षं मी परक्यांच्याच गाड्यांचे टायर निवडले," ते म्हणाले. "याही गाडीचे निवडून दिले असते. नुसतं सांगायचं होतंस."

परत निघताना मी पुढचं दार उघडून धरलं. ते मागचं दार उघडून मागे बसले.

पुढच्या आठवड्यात दाताचे डॉक्टर गाडी न्यायला आले. बाबांनी स्वतः किल्ली दिली. हवा किती ठेवायची ते सांगितलं. नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते, पहिले दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा, म्हणाले. डॉक्टर फार संकोचले होते. बाबांनीच त्यांना चहा पाजला. दादाने रात्री फोन केला आणि मला म्हणाला, "बघ, उगाच घाबरवत होतीस. किती समजूतदारपणे घेतलं त्यांनी." मी फोन आदळला. तेवढंच माझ्या हातात होतं.

घरात भांडण नाही, अबोला नाही. जेवण होतं, बातम्या होतात, हवापाण्याच्या गप्पा होतात. फक्त मास्तरीण म्हणणं बंद झालं. सकाळी मी थेंबांची बाटली घेऊन जाते तेव्हा ते हात पुढे करतात, बाटली घेतात, चिठ्ठीवरचं नाव वाचतात, तारीख वाचतात, मग परत देतात आणि मान मागे टाकतात. मी बाहेर ऊन आहे म्हटलं की उठून खिडकीपर्यंत जातात. मी साखर आणली की काटा काढतात. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाबा, किती दिवस असं चालणार?" ते खरोखरच आश्चर्याने म्हणाले, "कसं? मी तर सगळ्यांशी असाच वागतो."

दोन महिन्यांनी टेस्टची तारीख आली. मी त्यांना यंत्रासमोर बसवलं, एक डोळा झाकला, बटण हातात दिलं. दिवे चमकत होते आणि मधेच कधीतरी बटण वाजत होतं. बटण वाजत नाही अशा प्रत्येक दिव्याला मी जुन्या नकाशातली ती जागा आठवून बघत होते. मग दुसरा डोळा. नकाशे छापून आले आणि मी जुन्या नकाशांवर ठेवून उजेडाला धरले. एक ठिपकासुद्धा वाढला नव्हता. या आजारात याहून मोठी बातमी नसते. मला रडू आलं. इतक्या दिवसांनी त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही चांगलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"बाबा, जिथल्या तिथे आहे," मी म्हटलं. "थेंब लागू पडलेत. असंच राहिलं तर तुम्ही कितीतरी वर्षं वर्तमानपत्र वाचू शकाल. खरंच सांगते."

"हो का," ते म्हणाले. त्यांनी अदबीने माझ्या हातातून कागद घेतले आणि डाव्या हाताने भिंत चाचपत बाहेर गेले. मी मागोमाग गेले. बाहेरच्या टेबलावर एक नवीन मुलगी बसते, येऊन तिला तीनच आठवडे झालेत, अजून तिला यंत्र नीट चालू करता येत नाही. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी कागद तिच्यापुढे ठेवले.

"यात काय आलंय, जरा वाचून सांगता का?"

ती गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, मॅडमनीच टेस्ट घेतली ना? त्यांनी सांगितलं असेल की."

"त्यांनी सांगितलं," बाबा म्हणाले. "आता तुम्ही सांगा."